रॉबेन बेटावरची मुलाकात

आमच्या यजमानांच्या एक फुफी केपटाऊनला राहतात. वय ऐंशीच्या घरात, जन्म तिकडचाच. त्यांचे वालिद तरुणपणी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून बोटीनं दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथलेच झाले. अशी कोकणी मुसलमानांची घरं केपटाऊनमध्ये पुष्कळ आहेत. रायलँड्स भागात हबीबिया मशिदीच्या आसपास फिरलं तर ओळखीची आडनावं दारांवर दिसतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आपल्या आजीची कोकणी ऐकू येते. फुफींच्या नातीचं लग्न मे महिन्यात होतं. शाळेला सुट्टी होती, तिकिटांचा अर्धा खर्च फुफींच्या मुलानं उचलला, म्हणून आम्हा उभयतांना जाणं जमलं.

तिकडे काय काय बघायचं याची यादी यजमानांनी केली होती. टेबल माउंटन, केप पॉइंट, पेंग्विन. त्यात मी एकच नाव घातलं, रॉबेन बेट. "सुट्टीत कुणी तुरुंग बघायला जातं का?" असं ते म्हणाले. मी कारण सांगितलं नाही. इथं सांगते.

फेब्रुवारीत वर्गात विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती भरायचं काम चाललं होतं. मी हजेरीच्या क्रमानं एकेकाला उभं करून वडिलांचा व्यवसाय विचारत होते. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाहेरगावी असतात." मी म्हटलं, "बाहेरगावी म्हणजे कुठं? आखातात का?" मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "जेलमध्ये." वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना रागावले आणि त्या मुलाला म्हटलं, "बस खाली." बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी सोडवलेल्या मला त्या वेळी यापेक्षा जास्त काही सुचलं नाही. वडिलांचा खटला चालू आहे एवढं नंतर कळलं. गुन्हा कोणता ते मी विचारलं नाही. मुलगा मात्र त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला.

बेटावर जायच्या दिवशी वारा सुटला आणि बोट रद्द झाली. मे महिना म्हणजे तिकडे हिवाळ्याची चाहूल, समुद्र खवळलेला. परत फिरण्यापेक्षा फुफींच्या मुलानं आम्हाला बो-काप या जुन्या मुस्लिम वस्तीत नेलं. डोंगराच्या उतारावर पिवळ्या, निळ्या, गुलाबी घरांच्या रांगा आहेत. त्यांच्यामध्ये डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मशीद, १७९४ सालची, त्या देशातली पहिली. तिथले पहिले इमाम अब्दुल्लाह इब्न काजी अब्दुस्सलाम. आजच्या इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरच्या राजघराण्यातले हे गृहस्थ डच सत्तेविरुद्ध गेले, म्हणून डचांनी त्यांना १७८० साली कैदी करून इकडे आणलं आणि रॉबेन बेटावर ठेवलं. लोक त्यांना तुआन गुरू म्हणतात. मलय भाषेत तुआन म्हणजे साहेब, आणि गुरू तर आपलाच शब्द. म्हणजे सरळ 'गुरुजीसाहेब'! परमुलखात, मशिदीच्या दारात आपल्या पेशाचं नाव ऐकून मला काय वाटलं ते शिक्षक मंडळींना सांगायला नको.

हे गुरुजी हाफिज होते. जवळ कुराणाची प्रत नव्हती, म्हणून त्यांनी आठवणीतून संपूर्ण कुराण शरीफ हातानं लिहून काढलं असं तिथं सांगतात. त्यांच्या हातची एक प्रत मशिदीत काचेआड जपून ठेवली आहे. अक्षर ठसठशीत, ओळी सरळ. बारा-तेरा वर्षांनी, १७९३ च्या सुमारास, ते सुटले. सुटल्यावर त्यांनी याच रस्त्यावर मदरसा काढला. शिकायला कोण, तर गुलाम आणि गुलामीतून सुटलेल्यांची लेकरं. पुढच्या काळात केपटाऊनच्या मदरशांतून मुलांना समजावं म्हणून दीनियात तिथल्या बोलीत, पण अरबी लिपीत लिहिली जाऊ लागली. ती बोली म्हणजे आफ्रिकान्स. गोऱ्या राज्यकर्त्यांनी जिचा पुढे अभिमान मिरवला, त्या भाषेतलं सुरुवातीचं काही लिखाण आपल्या अलिफ-बे-ते मध्ये आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मला ही गोष्ट फार आवडली. भाषा कुणा एकाच्या मालकीची नसते हे मुलांना सांगायला मला एक चांगलं उदाहरण मिळालं.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. मागे टेबल माउंटन इतका स्पष्ट दिसतो की हात लावावासा वाटतो. अठरा-अठरा वर्षं ज्यांनी हा डोंगर फक्त लांबून पाहिला त्यांना तो कसा दिसत असेल, हा विचार बोटीतच सुरू झाला. डच भाषेत रॉबेन म्हणजे सील. समुद्रात पोहणारे ते लठ्ठ, मिशाळ प्राणी आम्हाला धक्क्यावरच दिसले. त्यांना येण्याजाण्याची बंदी कधीच नव्हती.

धक्क्यावरून आत जाताना तुरुंगाच्या कमानीवर आफ्रिकान्स आणि इंग्रजीत स्वागताची पाटी आहे. आम्ही अभिमानानं सेवा करतो, अशा अर्थाची. जवळच एक हिरवट घुमटाची मजार दिसली. मदुरा बेटावरचे सय्यद अब्दुर्रहमान मातुरा यांना डचांनी अठराव्या शतकात इथं डांबलं आणि १७५४ साली त्यांचा इथंच इंतकाल झाला. मजारीची सध्याची इमारत १९६९ मध्ये बांधली, म्हणजे पलीकडे मंडेला खडी फोडत असताना. मुस्लिम राजकीय कैदी सुटून जाण्याआधी इथं येऊन जात असत. मजारीवर जावं की न जावं यावरून आपल्याकडे बरंच बोललं जातं. मी तो वाद बोटीतच ठेवला आणि फातेहा पढली.

मग बसमधून बेटाचा फेरा. या बेटावर तीनशे वर्षांहून जास्त काळ कुणाला ना कुणाला टाकून दिलं गेलं. कधी बंडखोर, कधी वेडे, कधी कुष्ठरोगी. कुष्ठरोग्यांचं कब्रस्तान वाटेत लागतं. पुढे तुरुंगाच्या नोकरांचं छोटं गाव, चर्च आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा. शाळा बघून मी खिडकीला चिकटले. हे पहारेकरी सकाळी आपल्या मुलाला दप्तर देऊन शाळेत पाठवत असतील आणि मग कामावर जात असतील.

एका सुट्या घरासमोर बस थांबली. इथं रॉबर्ट सोबुक्वे यांना सहा वर्षं एकट्याला ठेवलं होतं. हे पेशानं शिक्षक, पुढे विद्यापीठात भाषा शिकवायचे. काळ्या माणसांनी सतत जवळ बाळगायच्या पासाविरुद्ध त्यांनी १९६० मध्ये आंदोलन केलं, म्हणून तीन वर्षांची शिक्षा झाली. ती १९६३ मध्ये संपली, तेव्हा सरकारनं खास त्यांच्यासाठी कायद्यात कलम घातलं. शिक्षा संपली तरी दरवर्षी मुदत वाढवता येईल असं. १९६९ पर्यंत ते या घरात राहिले. इतर कैद्यांशी बोलायची मनाई. कैद्यांची रांग कामावर जाताना दिसली की ते खाली वाकून मूठभर माती उचलायचे आणि बोटांमधून सोडायचे, आपण एकाच मातीचे असं सांगायला. जवळच तुरुंगातल्या कुत्र्यांची घरं आहेत. ती आतल्या कैद्यांच्या कोठड्यांपेक्षा मोठी आहेत हे बसमधल्या सगळ्यांच्याच लक्षात आलं, पण कुणी बोललं नाही.

तुरुंगाच्या आत मात्र वाटाड्या बदलतो. तिथं माहिती सांगणारे स्वतः या तुरुंगात राहिलेले राजकीय कैदी असतात. आमच्या वाट्याला साठीतले एक सावकाश बोलणारे गृहस्थ आले. ते इथं आले तेव्हा शाळकरी वयातून नुकते बाहेर पडत होते. १६ जून १९७६ ला सोवेटोमध्ये शाळकरी मुलांनी मोर्चा काढला, त्याच्या पाठोपाठ देशभर जी धरपकड झाली त्यातले हे एक. मोर्चा कशासाठी होता? निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती झाली होती, तिच्या विरोधात. पोलिसांनी मुलांवर गोळ्या चालवल्या. आदल्या दिवशी पाहिलेली मदरशातली आफ्रिकान्स माझ्या डोळ्यासमोर होती. तीच भाषा, फक्त शिकवण्याची जागा आणि शिकवणाऱ्याचा हात बदलला होता.

त्यांनी आम्हाला एका मोठ्या बराकीत बाकांवर बसवलं. इथं पन्नास-साठ माणसं जमिनीवर चटया टाकून झोपायची. पलंग पुष्कळ उशिरा आले. मग त्यांनी जेवणाचा तक्ता दाखवला. माझ्या सगळ्या प्रवासात मी एवढं लक्ष देऊन काही वाचलं नसेल. तक्त्यात दोन रकाने आहेत. एक मिश्रवर्णी आणि आशियाई कैद्यांचा, दुसरा काळ्या आफ्रिकी कैद्यांचा. मांस पहिल्यांना सहा औंस, दुसऱ्यांना पाच. चरबी एक औंस, दुसऱ्यांना अर्धा. जॅम पहिल्यांना एक औंस, दुसऱ्यांना नाही. पाव पहिल्यांना आहे, दुसऱ्यांना नाही. एकच गुन्हा, एकच शिक्षा, एकच खाण, पण ताटं वेगळी. कपड्यांचंही तसंच. आशियाई कैद्याला लांब पँट आणि मोजे, आफ्रिकी माणसाला आखूड चड्डी, कारण त्यांच्या लेखी आफ्रिकी पुरुष कितीही मोठा झाला तरी 'बॉय'च.

१९६४ साली जन्मठेप घेऊन मंडेलांबरोबर जे इथं आले त्यांत अहमद कथराडा होते. आईवडील सुरतकडचे, गुजराती मुसलमान. वय पस्तिसाच्या आत, म्हणजे त्या गटात सगळ्यांत लहान. त्यांना लांब पँट मिळाली आणि बापाच्या वयाच्या सिसुलूंना, मंडेलांना चड्डी. कथराडांना वाटलं की हा पाव, ही पँट नाकारावी. वडीलधाऱ्यांनी समजावलं, जे मिळतंय ते सोडू नकोस, सगळ्यांना मिळावं म्हणून भांडू. भांडण वर्षानुवर्षं चाललं. तोवर पाव लपवून वाटून खाल्ला जाई. मी तक्त्यातल्या 'आशियाई' या शब्दाकडे बघत राहिले. म्हणजे मी तिथं असते तर पाव मिळणाऱ्यांच्या रकान्यात असते. आपण नेहमी अन्याय झालेल्यांच्या बाजूनं स्वतःला मोजतो. इथं मध्येच कुठंतरी उभं राहावं लागलं.

दिवस कसा जायचा ते गृहस्थ सांगत होते. पहाटे घंटा, कोठडीतली लोखंडी बादली रिकामी करून धुणं, मक्याच्या पिठाची पातळ लापशी, मग काम. अंगणात बसून खडी फोडायची किंवा चुनखडीच्या खाणीत कुदळ चालवायची. खाणीतल्या पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे जायचे. काळे चष्मे मागितले तर कितीतरी काळ नकारच. मंडेलांच्या डोळ्यांना त्यातून कायमचा त्रास जडला. त्याच खाणीत एक गुहेसारखा खोपा आहे. तो कैद्यांचा शौचाला जायचा आडोसा, म्हणून गोरे पहारेकरी तिकडे फिरकत नसत. तोच यांचा वर्ग झाला. इतिहास, राजकारण, आणि कित्येकांसाठी साधी अक्षरओळख. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, असा नियम. शिकून आलेल्या माणसांनी गावाकडून आलेल्या शेतमजुरांना इथं वाचायला शिकवलं. पुढे पत्रद्वारा शिकायची परवानगी मिळाली, तेव्हा कथराडांनी तुरुंगातून चार पदव्या घेतल्या.

शिक्षण हा हक्क नव्हता, सवलत होती. म्हणून ती शिक्षा म्हणून काढूनही घेता यायची. मंडेलांनी रात्री जागून लपून आत्मचरित्र लिहिलं. लालू चिबा नावाच्या सहकाऱ्यानं ते मुंगीएवढ्या अक्षरात उतरवून काढलं आणि मॅक महाराज यांनी १९७६ मध्ये सुटताना ते बाहेर नेलं. मूळ कागद अंगणातल्या बागेत पुरले होते. भिंत बांधायला खणताना त्यातले काही सापडले आणि मंडेला, सिसुलू, कथराडा यांचा अभ्यास चार वर्षं बंद झाला. ते अंगण आम्ही पाहिलं. एका कोपऱ्यात वेल आहे, लोक तिथं फोटो काढतात. चार वर्षं पुस्तक नाही, ही शिक्षा माझ्या वर्गातल्या काही मुलांना बक्षीस वाटेल हा भाग वेगळा.

मंडेलांची कोठडी बघायला रांग असते. माझ्यासारख्या उंचीच्या बाईनं हात पसरले तर भिंती फार लांब नाहीत. चटई, घोंगड्या, बादली, छोटं स्टूल. सगळे दोन मिनिटं थांबतात, फोटो घेतात, पुढे जातात. मीही तेच केलं. खरं सांगायचं तर तिथं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, पत्रांविषयी ऐकताना.

नव्या कैद्याला सर्वांत खालचा दर्जा. त्या दर्जात सहा महिन्यांत एक पत्र लिहायचं, एक घ्यायचं. पाचशे शब्द. आलेलं पत्र आधी तपासनीस वाचणार, नको ती ओळ ब्लेडनं कापणार. कैद्याच्या हातात खिडक्या पडलेला कागद यायचा. सहा महिन्यांत मुलाकात एक, अर्धा तास, मध्ये काच, दोन्ही बाजूंना पहारेकरी. बोलायचं इंग्रजीत किंवा आफ्रिकान्समध्ये. सुरुवातीच्या काळात आपल्या मातृभाषेत बोलायची मनाई होती. खोसाखेरीज दुसरी भाषा न येणारी म्हातारी आई शेकडो मैल प्रवास करून आली तर तिनं काय बोलायचं?

आणि मुलं? दोन वर्षांवरच्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना बेटावर बापाला भेटायची परवानगी नव्हती. मंडेलांची धाकटी मुलगी झिंडझी तीन वर्षांची असताना त्यांनी तिला शेवटचं पाहिलं होतं. १९७५ मध्ये ती भेटायला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. आईनं कागदपत्रात वय वाढवून तिला आणलं होतं. शाळेत जन्मतारखेचा दाखला बदलून आणणाऱ्या पालकांशी मी आजवर किती भांडले आहे! या एका दाखल्याला मात्र मी काही म्हणणार नाही. १९७८ मध्ये थोरली मुलगी झेनी आपलं तान्हं बाळ घेऊन आली. ती स्वाझीलँडच्या राजघराण्यात दिली होती, म्हणून तिला काचेशिवाय भेटायची सवलत मिळाली. मंडेलांनी नातीला पूर्ण वेळ हातातून खाली ठेवलं नाही. तिचं नाव त्यांनीच ठेवलं, झाझिवे, म्हणजे आशा.

कथराडांना मूलबाळ नव्हतं. सुटल्यावर त्यांना विचारलं जाई की आत सर्वांत जास्त कशाची उणीव भासली. ते सांगत, मुलांची. सुमारे वीस वर्षं त्यांनी एक लहान मूल जवळून पाहिलं नव्हतं. कथराडा स्वतः आठ वर्षांचे असताना घर सोडून जोहान्सबर्गला गेले होते. कारण त्यांच्या गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत त्यांना जागा नव्हती, काळ्यांच्या शाळेतही नव्हती, आणि भारतीयांची शाळाच नव्हती.

मी रोज साठ मुलांच्या गोंगाटात असते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कानावर हात ठेवते. पलीकडे, भिंतीबाहेर, पहारेकऱ्यांच्या मुलांची शाळा होती. त्या शाळेची घंटा इथं ऐकू यायची का, असं मी त्या गृहस्थांना विचारलं. ते थोडं थांबले. म्हणाले, वाऱ्यावर अवलंबून असायचं.

परतीच्या बोटीत मी यजमानांना वर्गातल्या त्या मुलाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "अगं, हे देशासाठी आत गेलेले. त्या मुलाच्या बापाची गोष्ट वेगळी." त्यांचं बरोबर आहे. बापांची गोष्ट वेगळीच आहे. मी मुलाची बोलत होते.

रात्री फुफींना सगळं सांगितलं. बेट त्यांनी स्वतः कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आम्ही सिग्नल हिलवरच्या मजारीवर जायचो तेव्हा समोर दिसायचं. अब्बा म्हणायचे, तिकडं बोट दाखवू नका." त्या दिवसांत मंडेलांचा फोटो छापायलाही बंदी होती. एकाच शहरात जन्मभर राहून त्यांचा चेहरा आता कसा झाला आहे हे फुफींना १९९० मध्ये, ते सुटले त्या दिवशी, टीव्हीवर कळलं. "केस पांढरे झाले होते," एवढंच त्या म्हणाल्या. मग जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि मासे. चिंच मात्र आपल्याकडची नव्हती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गात, कारण मुलं आता आठवीत गेली होती, मोबाइलवरचे फोटो दाखवले. पेंग्विन सगळ्यांना आवडले. मग बेट, बराक, जेवणाचा तक्ता. जॅम कुणाला आणि कुणाला नाही यावर वर्गात बराच वेळ गोंधळ झाला. एकानं विचारलं, सगळे एकाच तुरुंगात होते तर तक्ता फाडून का नाही टाकला? मी तुआन गुरूंचं कुराण शरीफ दाखवलं आणि तेही कैदी होते असं सांगितलं. मग पत्रांचं, मुलाकातीचं सांगितलं. मुलांना भेटू देत नसत हेही. शेवटच्या बाकाकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. तो मुलगा दप्तर पाठीला लावून टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, त्यांना किती वेळ द्यायचे म्हणालात?"

"अर्धा तास."

"आम्हाला वीस मिनिटं देतात," तो म्हणाला. "पण मला आत सोडतात."

मी बाजूची खुर्ची ओढली आणि त्याला बसायला सांगितलं. त्यानं दप्तर काढून मांडीवर घेतलं.